स्वयंचलित टँकरचा ‘स्वयं’

बत्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे मराठीत आपलं काही चुकत नाही असा माझा ठाम समज होता. तो समज गेल्या एप्रिलमध्ये दहा हजार लिटर पाण्यासकट रस्त्यावर उभा राहिला आणि सगळ्या संकुलानं तो चाळीस मिनिटं डोळे भरून पाहिला. ही गोष्ट खरं तर सीताराम ओव्हाळांची. पण त्यातला गाढवपणा माझा असल्यामुळे ती सांगणं मला भाग आहे.

मी यज्ञेश्वर खांबेटे, शिखर संकुलाचा सचिव. आमचं संकुल कात्रजच्या बाजूला एका टेकाडावर आहे. बिल्डरनं माहितीपत्रकात ‘निसर्गाच्या कुशीत’ असं छापलं होतं. त्या कुशीत शिरायला जो चढ आहे, त्याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. स्कूटरवरून येताना मागच्या माणसाला उतरून चालावं लागतं. नळाचं पाणी एक दिवसाआड अर्धा तास येतं, बाकी सगळी भिस्त टँकरवर. फेब्रुवारीत एका टँकरवाल्यानं ऐन चढावर गिअर बदलला, गाडी मागे घरंगळली आणि जाताना संकुलाची पाटी घेऊन गेली. ‘वाहने सावकाश चालवा’ ही ती पाटी. मजकूर माझाच होता. त्यानंतर एकही टँकरवाला वर यायला तयार होईना आणि आम्ही नळाचं पाणी पुरवून पुरवून वापरू लागलो.

सीताराम ओव्हाळ आमच्या फाटकावर पहारेकरी होते. बाकीचे त्यांना वॉचमन म्हणत, मी म्हणत नसे. त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी ट्रक चालवले, आधी विटांचे, मग वाळूचे, शेवटी पाण्याचे. मग डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, क्लच बंद. मालकानं त्याच दिवशी किल्ली काढून घेतली आणि ओव्हाळ आमच्या फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले.

बसले, पण मनानं बसलेच नाहीत हो. खालच्या रस्त्यावरून जड गाडी जायला लागली की हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, “तिसरा टाकला. उशीर केला गाढवानं.” आणि त्यांचा डावा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. खुर्चीपुढची एक फरशी त्यानं चक्क हलायला लागली होती. मी एकदा चिडून विचारलं, “अहो ओव्हाळ, कशाला त्या पायाला त्रास देता?” तर म्हणाले, “सर, शेवटचा टँकर चालवला तेव्हा तो शेवटचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. नाहीतर जरा नीट उतरलो असतो. एकदा परत बसायचंय. बास.” मी वाकून ती फरशी नीट बसवली.

टँकर बंद झाल्यावर संकुलाची सभा भरली. अध्यक्षा सुनीतीताई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या घरी चहात साखर किती घालायची हेही ठरावानं ठरत असावं असा माझा दाट संशय आहे. सगळ्यांचं ओरडून झाल्यावर दाराशी उभे असलेले ओव्हाळ म्हणाले, “आपलीच गाडी घ्या. इंजिन दांडगं बघा आणि त्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावा. क्लचच नसेल तर माझा गुडघा मध्ये येत नाही. मी चढवतो.”

मी लगेच म्हणालो, “ऑटोमॅटिक नव्हे. स्वयंचलित.”

दांडगं इंजिन लोणी काळभोरला सापडलं. पृथ्वीराज नावाचा एक हौशी बागायतदार चिखलातल्या शर्यतींसाठी ट्रक तयार करायचा. सहा चाकं, भगवा रंग, पुढे बैलाचं तोंड रंगवलेलं आणि मूळच्या दुप्पट ताकदीचं इंजिन. “इंजिन वाघ हाय सर,” तो म्हणाला, “पन गिअरबॉक्स टिकत न्हाई. तीन खाल्लं यानं. चौथा घ्यायला बायको न्हाई म्हनती.” त्या बाईंच्या कृपेनं गाडी आम्हाला परवडली. शर्यतीचा ट्रक पाणी वाहायला घेणारं पुण्यातलं आमचं पहिलंच संकुल असावं. सुनीतीताईंची अट एकच होती, बैलाचं तोंड पुसायचं. ते अजून पुसलेलं नाही.

आता प्रश्न गिअरबॉक्सचा. कात्रजला प्रज्ञेशचं जड वाहनांचं गॅरेज आहे. आम्ही समितीचे सातजण तिथं गेलो. आम्हाला निवड करण्याची एकच रीत ठाऊक, त्यामुळे तो कार्यक्रम अगदी मुलगी बघायला गेल्यासारखा झाला. प्रज्ञेशनं खुर्च्या मांडल्या. पोहे आले. समोरच्या बाकावर धुऊन पुसून तीन गिअरबॉक्स ठेवलेले. कोणी विचारलं, वजन किती? कोणी विचारलं, तेल किती पितो? तिसरा जुना होता, एका अग्निशामक गाडीतून काढलेला, तर सुनीतीताईंनी चष्मा सरसावून विचारलं, “आधीचं घर का सोडलं?”

“गाडी म्हातारी झाली, बाई. हा धडधाकट आहे,” प्रज्ञेश म्हणाला.

सलिल नावाचा आमचा एक तरुण सभासद आहे, संगणकवाला. त्यानं लॅपटॉपवर तिघांचा तक्ता केला होता. हिरवे, पिवळे, लाल रंग. “सर, बेसिकली पहिला ऑप्शन व्हॅल्यू फॉर मनी आहे,” तो म्हणाला. “मराठीत बोला,” मी म्हणालो. तो बिचारा गप्प झाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओव्हाळांनी तक्त्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी शालनताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, घरून तांब्या घेऊन यायला सांगितलं होतं. तो काठोकाठ भरून म्हणाले, “यालाच विचारू.”

पहिल्या जातीच्या गिअरबॉक्सचा एक ट्रक गॅरेजात दुरुस्तीला आलेला होता. त्यात क्लच असतो, पण तो पायानं नव्हे, यंत्राच्या हातानं दाबला जातो. सुनीतीताई तांब्या मांडीवर घेऊन पुढे बसल्या आणि प्रज्ञेशनं ट्रक चढाला लावला. दुसरा गिअर पडताना गाडीनं असा काही हिसका दिला की अर्धा तांब्या सुनीतीताईंच्या इरकलीवर. “नापसंत!” त्या काचेतून ओरडल्या.

ओव्हाळांनी मला बाजूला घेऊन समजावलं. “सर, क्लच आला की गिअर बदलताना इंजिन आणि चाकं क्षणभर एकमेकांचा हात सोडतात. सपाटीला काही बिघडत नाही. चढावर तेवढ्यात टाकीतलं पाणी मागे धावतं आणि गाडीला ओढून नेतं. तुमची पाटी अशीच गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरबॉक्सात क्लचच्या जागी तेल फिरतं. तेल हात सोडत नाही.”

दुसरा गिअरबॉक्स त्या तेलाच्या जातीचा, नवाकोरा, चकचकीत. एका लहान मालवाहू गाडीत तो बसवलेला होता. तांब्यातला एक थेंब सांडला नाही. समिती खूश. सगळे पोह्यांची दुसरी बशी घेऊ लागले. पण ओव्हाळ मान हलवेनात. “गुणाचा आहे, पण नाजूक आहे. लहान गाडीसाठी केलेला. पृथ्वीराजचं इंजिन याला आठवड्यात खाईल. तिसरा घ्या. जात हीच, पण हाड जड. फक्त चढाला तेल तापेल, तर पुढे तेल गार करायची मोठी जाळी लावा.”

“जुना आहे तो!” सुनीतीताई म्हणाल्या.

“मीपण जुनाच आहे,” ओव्हाळ म्हणाले. तिसरा ठरला.

पंधरा दिवसांत गिअरबॉक्स बसला, जाळी बसली, टाकी बसली. गॅरेजच्या मैदानात चाचणी होती. मी शेजारी बसलो. ओव्हाळांनी शर्टाची वरची गुंडी लावली, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि दांडा पुढे जायच्या खुणेवर आणला. गाडी लोण्यातून निघावी तशी निघाली. वेग वाढला, गिअर बदलायची वेळ आली असं ओव्हाळांच्या डाव्या पायाला वाटलं. त्यानं क्लच दाबला. क्लच तिथं नव्हताच. तिथं होता ब्रेकचा रुंद पाटा. गाडी जागच्या जागी उभी आणि माझं कपाळ काचेवर.

असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी ओव्हाळ खाली उतरले आणि पायरीवर बसले. डोळ्यांत पाणी. “सर, हा पाय ऐकत नाही. एकतीस वर्षं याला हेच शिकवलंय.”

शालनताई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्या टेंगळाकडे पाहिलं, गॅरेजातलं एक लोखंडी घमेलं उचललं आणि क्लचच्या जागी आदळलं. “पाय यात ठेवा. उचलला की काठाला लागेल, मग त्याला कळेल आपण कुठं आहोत ते. लहान पोराला बसवतो तसं बसवा गप्प.” सहाव्या फेरीला घमेलं एकदा वाजलं. सातव्या फेरीला नाही. ओव्हाळ हसले तेव्हा मला कळलं की आमच्या फाटकावर त्यांना हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

आता राहिली होती फक्त सर्वसाधारण सभेची मंजुरी. आणि इथं मी माती खाल्ली.

मी ठराव वाचला: ‘संकुलाचे स्वयंचलित पाणीवाहक वाहन उपयोगात आणावे.’ पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, “स्वयंचलित म्हणजे हो काय?” असं विचारणारं माणूस मला किती वर्षांनी भेटलं होतं! मी उभा राहिलो. स्वयं म्हणजे स्वतः. चलित म्हणजे चालणारे. समास उलगडून दाखवला, उदाहरणं दिली. माझी पत्नी म्हणते अकरा मिनिटं बोलत होतो.

“म्हणजे गाडी स्वतः चालते?” काकूंनी विचारलं.

“शब्दशः!” मी म्हणालो.

“मग ड्रायव्हर कशाला हवा?”

सुनीतीताई म्हणाल्या, “मुद्दा बरोबर आहे. ठरावात घ्या.” सलिल ताडकन उठला. “सर, नो नो, लिटरली तसं नाहीये, ट्रान्समिशन ऑटोमॅटिक आहे, व्हेइकल इज नॉट—”

“मराठीत!” मी कडाडलो.

तो मराठी शब्द शोधू लागला. “म्हणजे... ते जे... संक्रमण...” तोवर हात वर झाले होते. मागे बटाटेवड्यांचा वास सुटला होता, त्याचाही हातभार लागला. माझा स्वतःचा हातसुद्धा वर होता आणि कपाळावर टेंगूळ होतं, त्या गाडीत माणूस बसतो याचा जिवंत पुरावा. तरी मी माझ्या सुंदर अक्षरात इतिवृत्तात लिहिलं: ‘वाहन स्वयं चालणारे असल्याने चालकाच्या नेमणुकीचा प्रश्न उद्भवत नाही.’ प्रश्न उद्भवत नाही! काय पण वाक्य सुचलं म्हणून मी खाली एक रेघही मारली.

वर मान केली तेव्हा दारात ओव्हाळ उभे होते. त्यांनी घरून इस्त्री केलेला खाकी शर्ट आणला होता, ठराव झाल्यावर घालायला. तो त्यांनी परत पिशवीत घातला आणि फाटकावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सुनीतीताईंकडे गेलो. म्हटलं, चूक झाली, दुरुस्त करू. त्या म्हणाल्या, “सभेनं केलेला ठराव सभाच बदलेल. चौदा दिवसांची नोटीस काढा.”

“अहो, टाकीत दोन दिवसांचं पाणी आहे!”

“आज हा ठराव डावलला की उद्या पार्किंगचा डावलतील. आणि तुम्हीच म्हणालात ना, शब्दशः? मग चालू दे की गाडी.”

दोन दिवसांनी टाकी तळाला गेली. प्रज्ञेशनं टँकर भरून चढाच्या पायथ्याशी आणून लावला आणि तो त्याच्या कामाला निघून गेला. सकाळचे नऊ. सगळं संकुल बादल्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभं. सुनीतीताई म्हणाल्या, किल्ली फिरवणं म्हणजे चालवणं नव्हे, तेवढं पहारेकऱ्यानं करायला हरकत नाही. ओव्हाळांनी खिडकीतून हात घालून गाडी सुरू केली आणि बाजूला झाले. कोणीतरी नारळ फोडला. सुनीतीताईंनी शिट्टी वाजवली.

आणि आम्ही वाट बघू लागलो.

हसू नका. दीडशे माणसं, त्यातली निम्मी पदवीधर, एका रिकाम्या ट्रककडे बघत उभी होती. दहा मिनिटांनी एकजण म्हणाला, “गरम होत असेल.” वीस मिनिटांनी त्या काकू ट्रकपुढे जाऊन म्हणाल्या, “ये, ये.” ओव्हाळ आपली खुर्ची घेऊन शेजारी बसले होते. इंजिन गुरगुरत होतं आणि त्यांचा डावा पाय जमिनीवर दाबला जात होता. चाळीस मिनिटांनी सलिल माझ्याजवळ आला. त्याची दाढी साबणासकट वाळलेली होती. दोन दिवसांत त्यानं वाक्य तयार केलं होतं, तेही अस्सल मराठीत.

“सर,” तो म्हणाला, “याला माणूस लागतो.”

माझी मान खाली गेली. मी ओव्हाळांपाशी गेलो. “माफ करा. माझ्या एका शब्दापायी तुमची जागा गेली.”

ओव्हाळ म्हणाले, “शब्द वाईट नाही, सर. मी तुमचं भाषण दारातून ऐकलं. स्वयं म्हणजे स्वतः, बरोबर? आता मला कोणी विचारलं की गाडी कोण चालवतं, तर मी काय म्हणतो? मी स्वतः चालवतो. मग तो ठरावातला स्वतः म्हणजे कोण?”

बत्तीस वर्षं मराठी शिकवलं हो मी! बत्तीस वर्षं! मी तिथल्या तिथं बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिलं: ‘सभेच्या ठरावानुसार वाहन स्वयं चालवील. चालक नेमायचा नाही. सबब श्री. सीताराम ओव्हाळ यांची ‘स्वयं’ या पदावर नेमणूक करण्यात येत आहे.’ कागद सुनीतीताईंकडे नेला. त्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचला.

“ठरावाला बाध येत नाही,” त्या म्हणाल्या आणि सही केली. मग त्यांनीही आपली बादली उचलली.

शालनताई खाकी शर्ट घेऊनच आल्या होत्या. ओव्हाळांनी तो घातला, घमेलं जागेवर ठेवलं, डावा पाय त्यात ठेवला आणि मग दार उघडंच ठेवून बायकोला म्हणाले, “ये, बस.” एकतीस वर्षांत त्या नवऱ्याच्या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. कुठल्याच मालकाला ते चालत नसे. त्या काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन बसल्या. गाडी निघाली. पाटी जिथं गेली होती त्या वळणावर आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. इंजिनाचा आवाज बदलला, गिअर पडला, आणि गाडीनं हात सोडला नाही. ती तशीच वर गेली. बैलाचं तोंड आधी आणि मागून दहा हजार लिटर पाणी.

वर पोचल्यावर शालनताईंनी तांब्या दाखवला. जसाच्या तसा भरलेला. तो त्यांनी आधी नवऱ्याला प्यायला दिला.

चौदा दिवसांनी ठराव बदलायची सभा झाली. ‘स्वयं’ हे पद रद्द करून ‘चालक’ करायचं, असा प्रस्ताव मीच मांडला. ओव्हाळांनी मागून हात वर केला. “राहू द्या, सर.”

का राहू द्या, ते मला मागच्या आठवड्यात कळलं. मी त्यांच्याबरोबर टँकर भरायच्या ठिकाणी गेलो होतो. तिथं खिडकीवर एक जाडी वही असते. गाडीचा नंबर, मालकाचं नाव, चालक. मी सहज मागची पानं चाळली. चालकाच्या रकान्यात सगळीकडे नुसतं ‘ड्रा.’ लिहिलेलं. पानच्या पानं, ड्रा., ड्रा., ड्रा. नाव कुणाचंच नाही.

“याच खिडकीवर नऊ वर्षं येत होतो,” ओव्हाळ म्हणाले. “इथले कारकून स्वतःच भरायचे. माझं नाव कुणी विचारलं नाही. आता नेमणुकीचा कागद दाखवला की ते म्हणतात, हे स्वयं काय असतं ते आम्हाला लिहिता येत नाही, तुम्हीच लिहा.”

त्यांनी पेन घेतलं, वही सरळ केली आणि सावकाश, मी वर्गात पोरांना घोटवून घ्यायचो तशा अक्षरात लिहिलं: ‘स्वतः, सीताराम तुकाराम ओव्हाळ.’